न दुखणारी दाढ

दातांच्या बाबतीत आपलं सगळ्यांचं एकच धोरण असतं: दुखत नाही ना, मग राहू दे. माझं स्पष्ट मत आहे की अडकलेल्या दातासाठी हे धोरण साफ चुकीचं आहे.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी आणि डेडलाईन यांच्या ऐन गर्दीत. जबड्यात जागा नसली की ती तिरकी होते आणि शेजारच्या दाढेवर डोकं टेकवून बसते. मग दोन गोष्टी होऊ शकतात. एक, दोघींच्या फटीत अन्न अडकतं, तिथे ब्रश पोचत नाही आणि शेजारची धडधाकट दाढ मागून किडते. दुसरी, दाबामुळे आपल्याच शरीरातल्या पेशी त्या दाढेचं मूळ विरघळवायला लागतात. दुधाचे दात पडण्याआधी त्यांची मुळं झिजतात ना, साधारण तसंच. फक्त पत्ता चुकलेला! बहुतेक वेळा हे दुखत नाही, आणि झिजलेलं मूळ पुन्हा वाढत नाही.

मुलांमध्ये हाच प्रकार वरच्या सुळ्याचा. तो ११-१२ व्या वर्षी यायला हवा. शंभरातल्या एक-दोघांचा अडकतो आणि शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळ खाऊ शकतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास डॉक्टर हिरडीवर बोट फिरवून त्याचा फुगवटा लागतो का ते बघतात. वेळीच दुधाचा सुळा काढला, तर बऱ्याचदा नवा आपणहून वाटेवर येतो.

मग काय, दिसली अक्कलदाढ की उपटा? अजिबात नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००० साली सांगितलं, की त्रास नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नका. पटण्यासारखं आहे. खालची दाढ काढताना ओठाला संवेदना देणाऱ्या नसेला इजा होऊ शकते. पण 'काढू नका' म्हणजे 'बघू नका' नव्हे. पुढच्या काळात तिथल्याच डॉक्टरांनी शेजारच्या दाढा किडण्याचं प्रमाण वाढल्याचं नोंदवलं.

सर्व्हर पडल्यावरच लॉग उघडणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. अख्खा जबडा एका फिल्मवर दाखवणारा ओपीजी एक्स-रे काही मिनिटांचं काम आहे. दाढ काढायची की ठेवायची, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण न बघता ठरवू नका, एवढंच.