बोरगावात मेपल कुठून आला?

आमच्या वयाच्या मंडळींना हल्ली एक नवीन नाद लागलाय. शनिवार-रविवारी 'आर्ट क्विल्ट' शिवायची. म्हणजे पांघरायची नाही, भिंतीवर टांगायची वीतभर गोधडी. वर कापडाचं चित्र, मध्ये भरण, खाली पाठ, आणि तिन्ही थरांतून टाके. विषय बहुतेक ठरलेला असतो, 'निसर्ग'!

आधीच सांगतो, मी याच्या विरोधात नाही. मी स्वतः शिवतो. पुरुष आहे, इंजिनिअर आहे, आणि वीकेंडला सुई-दोरा घेऊन बसतो. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल :)

माझं भांडण आहे त्या चित्रांशी. लाल मेपलचं पान, पाईनची झाडं, बर्फाचे डोंगर, जांभळं लॅव्हेंडर. ज्याने आयुष्यात मेपलखाली पाय ठेवला नाही, तो मेपल शिवतो. का? तर किटमध्ये मेपल आला होता. कापड कापलेलं, नमुना छापलेला, मागे चिकट अस्तर लावलेलं. इस्त्री फिरवा, कडेने शिवण मारा, झाला निसर्ग! आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात, आणि त्यावर कोणी 'प्रेरित' असं लिहीत नाही.

आता बोरगाव मेघेचंच बघा. नावाला गाव, पण वर्धा शहराला इतकं चिकटलेलं की शहर कुठे संपलं ते कळत नाही. इथे निसर्ग कुठला, असं कोणीही म्हणेल. पण फाल्गुनात गावाबाहेर पडा. पानं झडलेल्या पळसावर पोपटाच्या चोचीसारखी केशरी फुलं दिसतील. दिवाळीच्या सुमारास या, शेतात बोंडं फुटलेली असतील. आणि मे महिन्यात नुसतं खाली बघा. आपली काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते आणि तडकते. एका भेगेतून दुसरी, दुसरीतून तिसरी... जमिनीवर कोणी धावदोरा घातलाय असं वाटतं.

मी तेच शिवलं. बारा इंच बाय सोळा इंच. वर आईचं विटलेलं काळं सुती पातळ, आत आजोबांच्या धोतराचा मऊ तुकडा. भेगा पांढऱ्या दोऱ्याने, हातानेच. मशीनचा टाका सरळ पळतो, भेग पळत नाही. कोपऱ्यात जुन्या केशरी ब्लाउजची पळसाची एकच पाकळी. चार रविवार गेले. त्यातला पहिला नुसता शेतात उकिडवं बसून भेगा बघण्यात गेला. माझ्या मते खरं काम तेच होतं.

शेजारच्या काकूंनी बघितलं आणि विचारलं, "एवढुशी वाकळ? पायही झाकत नाई, मंग शिवली कायले?"

हा प्रश्न प्रत्येक आर्ट क्विल्टवाल्याने एकदा ऐकावा. कारण काकू स्वतः वाकळी शिवतात. जुनी लुगडी एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत फिरत, रेषा न आखता. रंगाशेजारी कुठला रंग ठेवायचा हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. पण त्यांचं ते 'घरकाम' आणि आपली ती 'आर्ट'! वर्कशॉपला हजारो रुपये फी भरणारी माणसं गोधडी शिवून देणाऱ्या बाईशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतात. मागे एका वर्कशॉपच्या जाहिरातीत 'आजीच्या गोधडीपासून प्रेरित' असं वाचलं. शिकवायला आजी मात्र नव्हती.

कोणी म्हणेल, गोधडी वेगळी, कला वेगळी. मग अमेरिकेतल्या अलाबामातलं गीज बेंड बघा. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी थंडीसाठी, कामाच्या फाटक्या कपड्यांतून क्विल्ट शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. क्विल्ट त्याच होत्या, फक्त भिंत बदलली. आणि आपल्याकडे? गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, तर ते छापलं फ्रान्समधल्या प्रकाशकाने. असो.

दुसरा आक्षेप, "मेपल शिवला तर बिघडलं काय? कलेला हद्द नसते." मान्य. बॉस्टनमधल्या मराठी बाईने जरूर मेपल शिवावा. दर ऑक्टोबरला तो तिच्या अंगणात पडतो, ती तो झाडते, तिला त्याचे पाच लाल माहीत आहेत. तिने पळस शिवला तर मी तिलाही हेच विचारीन, की बाई, शेवटचा कधी बघितलास? मुद्दा देशाचा नाही, बघण्याचा आहे.

आणि कापडाचं म्हणाल तर वर्धा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळात लांबवर पोचलं होतं. खादी आणि ग्रामोद्योगासाठी उभं राहिलेलं मगन संग्रहालय इथे १९३८ पासून आहे. अशा ठिकाणी बसून आपण कुरिअरने पॉलिस्टरचं भरण मागवायचं?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नवीन कापड आणू नका, घरातलं कपाट उघडा. एकच गोष्ट निवडा, जी तुम्ही चालत जाऊन बघू शकता, आणि सुई हातात घेण्याआधी एक रविवार तिच्यासमोर बसा. टाका शिकायचा असेल तर वाकळ शिवणाऱ्या बाईकडे जा आणि वर्कशॉपला देता तेवढीच फी तिला द्या. घासाघीस न करता.

एवढं जमत नसेल तर किट खुशाल जोडा. वेळ छान जातो. फक्त खाली 'निसर्गापासून प्रेरित' असं लिहू नका.