बाटली कोणती लावली?

"अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून घेऊ." हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. आम्हीही म्हणत आलो. मागच्या उन्हाळ्यात जुलाबांनी बेजार झालेल्या खालांना दवाखान्यात नेले. सिस्टर बाटली टांगत होत्या. टांगता टांगता त्यांनी विचारले, "यांना शुगर आहे का?" आम्ही म्हणालो, "आहे थोडी." त्यांनी बाटली खाली ठेवली आणि डॉक्टरांना विचारून दुसरी आणली. त्यांनी विचारले नसते तर आम्ही सांगितलेही नसते.

दोन्ही बाटल्या आमच्या नजरेला सारख्याच. पहिली डीएनएस, म्हणजे मीठ आणि ग्लुकोज दोन्ही. दुसरी आरएल, रिंगर लॅक्टेट. तिच्यात मिठासोबत पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असते. जुलाबांत, भाजल्यावर, ऑपरेशनमध्ये अंगातले पाणी गेले की बहुधा हीच लावतात. एनएस म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ, बस्स. पुष्कळ औषधेही त्यातूनच सोडतात. आणि ज्या ग्लुकोजच्या बाटलीवर आपला एवढा भरवसा, तिच्या अर्ध्या लिटरात 25 ग्रॅम साखर. पाच-सहा चमचे! एवढ्या ताकदीसाठी सुई टोचून घ्यायची? त्यापेक्षा वाटीभर खीर बरी, अर्थात शुगर नसेल तर.

खालांच्या धाकट्याला घरी जायची घाई. त्याने नळीवरची चाकी फिरवून थेंब वाढवले. सिस्टर अशा रागावल्या की आम्हीही मान खाली घातली. साध्या सेटमधून 20 थेंब म्हणजे 1 मिली. 500 मिली चार तासांत द्यायचे तर मिनिटाला साधारण 42 थेंब. भरभर सोडले तर वयस्कर माणसाच्या हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी साचू शकते. किडनीच्या रुग्णाला तर फारच जपावे लागते.

1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होते, ते 4 टक्क्यांच्या खाली आले. म्हणून रुग्ण पिऊ शकत असेल तर आधी ओआरएस. उलट्या थांबत नसतील, लघवी बंद झाली असेल किंवा गुंगी येत असेल, तर मात्र लगेच दवाखाना.

खालांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही आता लाल पेनाने लिहून ठेवले आहे: शुगर, बीपी, चालू गोळ्यांची नावे.