तबल्यावर कोण होते?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकात वृत्तान्त लागला. त्यात गायिकेचे नाव होते, प्रमुख पाहुण्यांचे होते, आभार मानणाऱ्याचेही होते. तबल्याविषयी एवढेच, की 'साथ उत्तम झाली'. कोणाची? माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यामुळे असेल, पण ते वाक्य मला लागले.

या निमित्ताने उस्ताद अल्लारखाँ यांच्याविषयी लिहावेसे वाटते. १९१९ साली जम्मू भागातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. तबल्याच्या ओढीने त्यांनी लहानपणीच घर सोडले आणि पंजाब घराण्याचे मियाँ कादरबक्ष यांचे शिष्यत्व पत्करले. उस्ताद आशिक अली खाँ यांच्याकडे ते गाणेही शिकले. पुढे मुंबईत 'ए. आर. कुरेशी' या नावाने त्यांनी 'सबक' (१९५०), 'बेवफा' (१९५२) अशा चित्रपटांना संगीत दिले. ज्याला आपण नुसता ठेका धरणारा समजतो, तो चालीही बांधत होता!

पंडित रविशंकर यांच्याबरोबर ते १९६७ साली अमेरिकेत माँटेरेच्या महोत्सवात आणि १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात वाजवायला बसले. सतारीने सवाल टाकावा आणि तबल्याने त्याच लयीत जबाब द्यावा! अशा वेळी पुढचा कोण आणि मागचा कोण, हे कोणी ठरवायचे?

गुरू म्हणूनही ते तेवढेच मोठे. १९८० च्या दशकात त्यांनी मुंबईत संगीतसंस्था काढली. पुत्र झाकिर हुसेन (१९५१-२०२४) तर जगाला ठाऊक आहेत. शिवाय योगेश सम्सी आहेत, अनुराधा पाल आहेत. शेतकऱ्याच्या घरातून निघालेल्या मुलाने घराण्याची विद्या मिळवली आणि ती आपल्या घरापुरती ठेवली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच; म्हणून मला याचे मोल अधिक वाटते.

कोणी म्हणेल, साथीदाराने मागेच राहावे. वाजवताना संयम हवा, हे मलाही मान्य आहे. गाण्यावर कुरघोडी करणारी साथ ही साथच नव्हे. परंतु वाजवताना मागे राहणे निराळे आणि लिहिताना वगळले जाणे निराळे.

सांस्कृतिक मंडळाला माझी नम्र सूचना आहे. यंदा कार्यक्रमपत्रिकेत तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांची नावे छापावीत, आणि वीस मिनिटे तरी स्वतंत्र तबलावादनाला द्यावीत.

हा प्रकार मी वडिलांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसलास? ताल सुटला नाही ना, झालं तर." हे त्यांचे मोठेपण. ऐकणाऱ्यांनी मात्र त्याचा फायदा घेऊ नये.