विम्याचा धनी कोण?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींनीं आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला. त्यांचे यजमान वीस वर्षें विम्याचे हप्ते नेमानें भरीत आहेत. 'मेलेल्यांच्या वारसांस देऊन जो पैसा उरतो, तो कोणाचा?' असें त्यांनीं घरांत विचारिलें, तेव्हां वडील मंडळींनीं 'भरल्या घरांत अभद्र बोलूं नये' म्हणून त्यांस गप्प बसविलें. आमच्या मतें हा प्रश्न अभद्र तर नाहींच, उलट मोठा शहाणपणाचा आहे. फिलिपाइन्स देशांतील एका विमा कंपनीच्या चरित्रांत त्याचें उत्तर स्पष्ट सांपडतें, म्हणून आज तेंच वाचकांपुढें ठेवितों.

हा देश सात हजारांहून अधिक बेटांचा. तीनशेंहून अधिक वर्षें स्पेनच्या अमलाखालीं राहून १८९८ सालीं तो अमेरिकेच्या हातीं गेला. कॅनडाची 'सन लाइफ' ही विमा कंपनी तेथें १८९५ पासूनच आहे. पुढें २५ नोव्हेंबर १९१० रोजीं मनिला शहरीं 'इन्शुलर लाइफ' ही फिलिपिनो लोकांची पहिली आयुर्विमा कंपनी स्थापन झाली. अमेरिकन अमलांतील तेथील सरकारास 'इन्शुलर', म्हणजे बेटांचें, सरकार म्हणत. तोच शब्द कंपनीच्या नांवांत आहे.

मृत्यूच्या प्रसंगीं एकमेकांस हात देणें त्या लोकांस नवें नव्हतें. फिलिपिनो घरांत कोणी वारलें कीं आप्तइष्ट व शेजारी रोख पैसे आणून देतात. त्यास 'अबुलोय' म्हणतात. त्यांतून अंत्यविधीचा खर्च भागतो; मुलांचें शिक्षण मात्र भागत नाहीं. आपल्याकडे तें ओझें एकत्र कुटुंबांतील चुलते व आजोबा उचलीत.

विमा म्हणजे हाच हात हिशेबानें देणें. समजा, एक हजार गृहस्थांनीं ठरविलें कीं आपल्यापैकीं जो जाईल त्याच्या घरीं पांच लक्ष रुपये पोंचवावयाचे. वर्षांत तिघे गेले तर पंधरा लक्ष लागतील, म्हणजे दर माणशीं दीड हजार. पण मंडळी म्हातारी होऊं लागली कीं जाणारे वाढतात, वर्गणी वाढते, तरुण फिरकत नाहींत व मंडळ मोडतें. ह्यावर तोड काढली ती लंडनच्या जेम्स डॉडसन ह्या गणितशिक्षकानें. वय पंचेचाळिसाच्या पुढें गेलें म्हणून एका विमा-मंडळानें त्याला स्वतःलाच नाकारिलें होतें. तारुण्यांत थोडें अधिक घ्यावें, तें व्याजीं लावावें व उतारवयांतील तूट त्यांतून भरावी. म्हणजे हप्ता शेवटपर्यंत एकच राहतो, असें त्यानें गणितानें दाखविलें. तो १७५७ सालीं वारला, आणि त्याच्या पद्धतीवर चालणारी 'इक्विटेबल' संस्था १७६२ सालीं निघाली. एका शिक्षकाची विद्या त्याच्या मागें अशी फळास आली, ह्याचें आम्हां शिक्षकांस विशेष वाटतें.

आतां हप्ता ठरवितांना सावधपणें थोडा अधिकच धरितात. मृत्यु अंदाजापेक्षां कमी झाले किंवा व्याज अधिक मिळालें, कीं शिल्लक उरते. भगिनींचा प्रश्न ह्या शिलकेचा आहे. भागधारकांच्या कंपनींत तिच्यांत भागधारकांचा वांटा असतो. 'परस्पर' कंपनींत भागधारकच नसतात. तेथें विमेदार हेच धनी. संचालक निवडण्याचें मत त्यांचें, आणि गंगाजळीसाठीं ठेवून उरेल तो लाभांशहि त्यांचाच.

इन्शुलर लाइफ आरंभीं भागधारकांचीच होती. १९४२ ते १९४५ पर्यंतचा जपानी अंमल तिनें पाहिला. १९४५ च्या लढाईंत मनिला शहर उद्ध्वस्त झालें व सुमारें एक लक्ष नागरिक मेले. त्यांतूनहि ती टिकली. पुढें १९८७ सालीं ती परस्पर कंपनी झाली. तेथील १९७४ च्या विमा-कायद्यांत तसा मार्ग आहे: विमेदारांच्या हितासाठीं भागधारकांचे शेअर कंपनीनें घ्यावयाचे. जगाचा ओघ मात्र उलटा वाहत होता. त्याच देशांत धंदा करणाऱ्या मॅन्युलाइफ व सन लाइफ ह्या तोंवर परस्पर असलेल्या कंपन्या अनुक्रमें १९९९ व २००० सालीं भागधारकांच्या झाल्या.

परस्पर कंपनी निर्दोष असते असें मात्र नव्हे. अडचणींत शेअर विकून भांडवल उभें करणें तिला साधत नाहीं. आणि विखुरलेले विमेदार मत देण्याची तसदी घेत नाहींत, तेव्हां व्यवस्थापकच धनी होऊन बसतात. धनीपण कागदावर मिळालें तरी तें बजावावें लागतें. लक्षावधि फिलिपिनो आखाती देशांत, जहाजांवर व इतरत्र कष्ट करून वर्षाला तीस अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम घरीं धाडितात. एका माणसाच्या श्वासावर अख्खें घर उभें असतें. अशा घराला हा प्रश्न पुस्तकी नाहीं. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा आमच्या वाचकांसहि तो नाहीं.

आपल्या मुंबईंतहि १८७० सालीं 'बॉम्बे म्युच्युअल' ही परस्पर संस्था निघाली होती. इंग्रज कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत. हिनें सामान्य दरानें विमा उतरविला. १९५६ सालीं ती व इतर मिळून २४५ विमा-संस्थांचा धंदा आयुर्विमा महामंडळांत विलीन झाला. म्हणजे तेथें विमेदार धनी झाले, आणि येथें सरकार. मे २०२२ पासून महामंडळाचे थोडे शेअर बाजारांतहि आले आहेत.

तेव्हां भगिनींस आमचें उत्तर असें. आपली पॉलिसी नफ्यांत सहभागी असेल, तर शिलकेचा मोठा वांटा बोनसरूपानें आपल्याच घरीं येतो. नसेल तर येत नाहीं. तें पॉलिसीवरच लिहिलेलें असतें. यजमानांनीं येत्या रविवारीं ती कपाटांतून काढावी, वारस म्हणून कोणाचें नांव घातलें आहे तें सर्वांस वाचून दाखवावें, आणि कपाटाची किल्ली कोठें असते तेंहि सांगावें. वडील मंडळी रागावलीं तर हें पान त्यांच्या हातीं द्यावें.