गळतं स्टिअरिंग : अख्खा सेट कायले बदलायचा?



आपल्या फायबर बोटीचं स्टिअरिंग गळतंय, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या बैठकीत अख्खा सेट नवीन घ्यावा असा विषय येणार आहे. आमचा त्याला विरोध आहे. बैठकीत आवाज चढले की तेल नेमकं कुठून गळतं हा मुद्दा मागेच राहतो, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

आपण त्याला पॉवर स्टिअरिंग म्हणतो, पण त्यात पॉवर काही नाही. ट्रॅक्टरमध्ये इंजिन पंप फिरवतं. आपल्या बोटीत चाकामागेच पंप आहे आणि तो आपल्या हातानं फिरतो. चाक फिरवलं की तेल एका नळीतून मोटरपाशी सिलिंडरमध्ये जातं, दुसऱ्या नळीतून परत येतं, आणि मोटर डावी-उजवी वळते. एवढंच काम. म्हणून बिघाडाची तऱ्हाही वेगळी आहे. ट्रॅक्टरचं तेल गेलं की स्टिअरिंग जड होतं. बोटीचं तेल गेलं, हवा शिरली, की चाक मोकळं होतं. फिरवा तेवढं फिरते आणि बोट मात्र सरळच जाते. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडितातली झाडांची खोडं पाण्याखाली किती वर येतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

"सेक्रेटरी भाऊ, तेल टाकत राहा, चालते." नाही चालत. तेल जिथून बाहेर येतं तिथून हवा आत जाते. वरून काही जण ब्रेक ऑइल टाका म्हणतात. ते तर बिलकूल टाकू नका. या स्टिअरिंगचे रबरी सील ब्रेक ऑइलनं फुगतात आणि आज एका जागी गळतं ते उद्या चार जागी गळेल. आणखी एक गोष्ट. गळणारं तेल बोटीच्या मागच्या भागात साचतं आणि आपले मासळीचे क्रेट तिथेच असतात. तेलाचा वास लागलेला रोहू व्यापारी हातात घेऊन परत ठेवतो. त्याचा तोटा ज्याची मासळी त्याला, सोसायटीला नाही. म्हणून आम्हाला हा विषय पुढे ढकलणं मान्य नाही.

मग करायचं काय? आम्ही सिलिंडर कपड्यानं कोरडा पुसून चाक दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरवून पाहिलं. नळ्या कोरड्या, चाकामागचा पंप कोरडा. तेल येतं ते दांडा सिलिंडरमधून बाहेर निघतो तिथून, म्हणजे सील गेलं. ट्रॅक्टरचं सील गेलं म्हणून आपल्याकडे कोणता संत्रावाला अख्खं स्टिअरिंग बदलतो? सिलिंडर कंपनीचं नाव-नंबर पाहून सील किट मागवायचं. "किट येत नाही, सेटच घ्या" असं एका दुकानदारानं सांगितलं, पण त्यानं सिलिंडर पाहिलाही नव्हता. त्याच्या सेटच्या आकड्यात आपले दोन लाकडी डोंगे होतात.

एक अट मात्र आहे. सील काढल्यावर दांड्यावरून नख फिरवून पाहायचं. गंजाचे खड्डे, चरे लागले तर नवं सील त्याच दांड्यावर पुन्हा कापलं जाईल आणि पैसे वाया जातील. तसं निघालं तर बदलाच, पण तेव्हाही हायड्रॉलिक नको. आपली मोटर ४० हॉर्सपॉवरची आहे, तिला साधं केबलचं स्टिअरिंग पुरतं. त्यात तेल नाही, हवा नाही, ग्रीस लावलं की झालं. रत्नागिरी-हर्णैच्या ट्रॉलरांचं वेगळं, तिथे सुकाणूवर समुद्राचा जोर असतो. आपण जलाशयात मासळी गोळा करतो बाप्पा, बोट काही मुंबईला न्यायची नाही.

पुढे कधी नवी बोट घ्यायची ठरली, अनुदानात असो की स्वतःच्या पैशानं, तर चाकवाली मागूच नये असं आमचं मत आहे. ९.९ हॉर्सपॉवरची मोटर मागे बसून दांडीनंच वळते, आपली पोरं ती एका सकाळीत शिकतात. चाक दिसायला छान, फोटोतही छान येतं, हे कबूल.

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद आहे, बोट काठावर आहे. काम याच दिवसांत झालं पाहिजे. नंतर पोळा आणि लगेच गोटमार, त्या दिवसांत पांढुर्ण्यात मेकॅनिक मिळणं कठीण. सौंसरच्या सभासदांपैकी कोणाच्या ओळखीचा हायड्रॉलिकचं काम जाणणारा माणूस असेल तर बैठकीआधी कळवा. सील बसवल्यावर हवा काढायला दोघं लागतात, एक चाक फिरवायला आणि एक तेल भरायला. ते आपण आपणच करू. पंप मात्र कोणी खोलू नये, तो चांगला आहे.