पाणी कुठवर आलं होतं?

साताऱ्याहून सांगलीला बदली झाली की माणूस आधी मुलांची शाळा पाहतो, मग घर. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वाढलेल्याला पुराची धास्ती ठाऊकच नसते. बँकेत गृहकर्जाच्या फायली तपासताना मीही तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागत असे. कृष्णेची चौकशी कधी केली नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेव्हा कागदपत्रे वकिलांना जरूर दाखवा. पण निळ्या आणि लाल पूररेषेची चौकशीही करा, आणि शेजारच्या आजींना विचारा, ‘पाणी कुठवर आलं होतं?’ कर्जाचे हप्ते वीस वर्षांचे असतात. २००५, २०१९ आणि २०२१ : सांगलीने सोळा वर्षांत निदान तीन महापूर पाहिले आहेत.