विश्लेषण : संकटकाळात सरकारी यंत्रणांवरचा विश्वास का तुटतो?

राष्ट्रीय संकट आले की लोकांचा सरकारवरचा विश्वास उडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चित्र इतके सरळ नाही. दक्षिण कोरियाचा अनुभव त्यासाठी पाहण्यासारखा आहे.

संकटात विश्वास वाढतो का?
सुरुवातीला अनेकदा वाढतो. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्याआधी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कामावर गॅलपच्या पाहणीत ५१ टक्के लोक समाधानी होते. दोन आठवड्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. मात्र हा पाठिंबा उसना असतो. तो टिकणार की नाही, हे यंत्रणा पुढे कशी वागते यावर ठरते.

कोरियात तो कुठे तुटला?
१६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल ही प्रवासी बोट बुडून ३०४ जणांचा बळी गेला. त्यांत एकाच शाळेचे २५० विद्यार्थी होते. प्रवाशांना ‘जागेवरच थांबा’ असे सांगितले जात होते, कप्तान मात्र आधीच बाहेर पडला. सर्व विद्यार्थी वाचल्याची चुकीची माहितीही पसरली. पुढच्याच वर्षी मर्सची साथ आली. बाधित रुग्णालयांची नावे सरकारने अडीच आठवडे दडवून ठेवली. १८६ जणांना लागण झाली, ३८ जण दगावले.

मग काय बदलले?
साथीच्या काळात अशी माहिती जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. २०२० मध्ये करोना आला तेव्हा आरोग्य अधिकारी रोज आकडे देत होते. रुग्णांच्या हालचालीही जाहीर होत असल्याने खासगीपणाचा प्रश्न उभा राहिला, पण लपवाछपवीची तक्रार उरली नाही. त्याच एप्रिलमध्ये साथ सुरू असतानाही संसदेसाठी ६६ टक्के मतदान झाले आणि सत्ताधारी आघाडीने ३०० पैकी १८० जागा जिंकल्या.

हा विश्वास कायमचा असतो का?
नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सोलच्या इटेवॉन भागात चेंगराचेंगरीत १५९ जण मरण पावले. गर्दी धोकादायक झाल्याचे फोन पोलिसांना काही तास आधीपासून येत होते. ते उघड होताच सेवोलच्या वेळचाच प्रश्न पुन्हा विचारला गेला : आम्हाला वाचवायला कोणी होते का?

थोडक्यात काय?
संकट ओढवले म्हणून लोक यंत्रणेला दोषी धरतातच असे नाही. माहिती दडवली गेली, हाक ऐकूनही कोणी आले नाही, तर मात्र ते विसरत नाहीत.